मिरिनशिवायचा सॉस

रविवारी सकाळी मी आठवडाभराचा तेरियाकी सॉस करून ठेवते. सोया सॉस, साखर, थोडं पाणी आणि दाटपणासाठी चमचाभर तांदळाचा चिकट गोड पाक. मंद आचेवर आटवायचा, निवला की बरणीत भरायचा आणि बरणी फ्रिजमध्ये. मग एके दिवशी कोंबडी, एके दिवशी टोफू, एके दिवशी वांगी, सगळ्यांवर तोच सॉस. कारखान्यात दिवसभर उभं राहून आल्यावर रोज नवं काही करायला मी काय खानावळ उघडलीय?

ज्यांना स्वयंपाकातलं कळतं त्यांनी एव्हाना नाक मुरडलं असेल. साके कुठाय? मिरिन कुठाय? बरोबर आहे त्यांचं. तेरियाकीची सगळी शोभा मिरिनची. ती सोनेरी, गोड, तांदळाची दारू घातल्याशिवाय माशावर झिलई चढत नाही आणि माशाचा उग्र वासही मरत नाही. लग्न होऊन आल्यापासून मीही घालतच होते. पण आता आमच्या घरात मिरिन येत नाही, कारण माझा नवरा तात्सुओ दारुडा आहे. दारुडा होता असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, हा शब्द भूतकाळात वापरायचा नाही.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. मनात मात्र बऱ्याच वर्षांपासून अरे-तुरेच चालतं.

तात्सुओ बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हात सोन्याचे आहेत, हे मी बायको म्हणून नाही सांगत, आमच्या हिमी बंदरातला कुठलाही नाखवा सांगेल. त्यानं पहिल्यांदा साके सोडली, तेव्हा मी देवळात जाऊन घंटा वाजवून आले होते. आणि त्याच महिन्यात माझं तेरियाकी बिघडायला लागलं. मासा वास मारायचा. सॉस तव्यात नुसता करपायचा, चकाकी म्हणून येईना. मला वाटलं, माझाच हात गेला. एक दिवस मिरिनची बाटली बोटावर ओतून चाखली, तर साखरेचं पाणी, वर रंगासाठी सोया सॉसचा थेंब. नवरा रोज थोडी थोडी पीत होता आणि तेवढंच पाणी भरून ठेवत होता. स्वयंपाकाच्या जिनसावर संशय कोण घेणार? दुकानात मिरिन व्हिनेगरच्या शेजारी मांडलेली असते. लहान मुलांच्या भाजीत घालतात. आमच्याकडे तिला दारू कुणी म्हणतच नाही, आणि आहे ती चांगली साकेइतकीच तेज.

मग दवाखाना झाला, भरती झाली, गुरुवारच्या दारू सोडलेल्यांच्या सभा सुरू झाल्या. आणि औषध. पाण्यासारखं दिसणारं, फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी इवल्याशा मापानं प्यायचं. डॉक्टर म्हणाले होते, "हे पोटात असताना दारूचा थेंब जरी गेला, तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. माणूस त्या भीतीनं लांब राहतो. पण रोज बायकोच्या समोर प्यायचं."

औषध किती खरं आहे ते मी पाहिलंय. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या जेवणात साकेच्या चोथ्यात मुरवलेलं लोणचं होतं. त्यानं बोलता बोलता एक फोड तोंडात टाकली. भटजींचं बोलणं संपायच्या आत त्याचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं झालं, आणि त्याला शेजारच्या खोलीत आडवं करावं लागलं. सगळे म्हणाले, हॉलमध्ये फार उकडतंय. त्या दिवशी मी घाबरले होते, पण खरं सांगायचं तर सुखावलेही होते. औषध पोटात आहे याची याहून मोठी पावती कोणती?

गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी रोज सकाळी समोर उभी राहायचे. मग ओबोनच्या सुट्टीत, पितरांना निरोप दिल्यावर, तो म्हणाला, "मित्सुयो, तुरुंगातल्या शिपायासारखी कशाला उभी राहतेस? इतके दिवस झाले. थोडा तरी विश्वास टाक ना." सभेतल्या बायकाही म्हणाल्या, कधीतरी सोडून बघावं लागतंच. मी सोडलं. तेव्हापासून रोज सकाळी ते इवलं माप धुऊन पालथं घातलेलं दिसायचं, बाटलीतलं औषधही बरोबर उतरायचं. मी दवाखान्यातून नवी बाटली आणून ठेवायचे.

आमची मुलगी हिनानो नागोयाला परिचारिकेचं शिक्षण घेते. जाताना ती बापाला तोंडावर सांगून गेली होती, "बाबा, पुन्हा प्यायलात तर मी या घरात पाऊल टाकणार नाही." तो सुटलाय यावर भरवसा बसेना, म्हणून गेली दोन नववर्षं ती मैत्रिणीकडेच राहिली. या वर्षी तिचा फोन आला, येते म्हणून. आई, वर्षअखेरच्या सोबा शेवया तूच कर, बाबांना सांग मला स्टेशनवर घ्यायला या, असं सगळं एका दमात. फोन ठेवल्यावर तात्सुओ बराच वेळ गाडी धूत होता. डिसेंबरच्या थंडीत, गोठलेल्या हातांनी.

आता सासूबाईंकडे वळते, कारण सगळं तिथूनच आहे.

सासूबाईंचं नाव कियोनो. डोंगरातल्या त्यांच्या गावात बर्फ इतका पडतो की छपरावरून खाली ओढायला माणूस लागतो, आणि गावात आता माणसंच उरली नाहीत. म्हणून हिवाळाभर त्या आमच्याकडे. त्यांना या आजाराचं काहीही माहीत नव्हतं. तात्सुओनंच सांगू दिलं नाही. "आईला कळलं तर ती गावात तोंड दाखवणार नाही. यकृत जरा बिघडलंय एवढंच सांग." झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं म्हणजे मलाही सांगायचं नव्हतं. मुलगा दारुडा निघाला की लोक आधी सुनेकडे बघतात.

सासूबाई आल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या सॉसची बरणी उघडून त्यांनी त्यात चॉपस्टिक बुडवली.

"हा काय काढा गं?"

"तेरियाकीचा सॉस आहे, आई."

"हा? अगं, हा सर्दीवर चालेल. मिरिन नाही घातलीस?"

"यांच्या यकृताला चालत नाही."

"मिरिन?" त्या खदखदून हसल्या. "अगं, मिरिन काय दारू आहे? तात्सुओ दात येत होते तेव्हापासून माझ्या हातचं तेरियाकी खातोय. त्याचा बाप रोज दोन शेर साके प्यायचा, त्याचं यकृत पंचाहत्तर वर्षं टिकलं."

सासरे पंचाहत्तरीत यकृतानंच गेले होते. पण मी गप्प बसले. सासूशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

त्या मात्र गप्प बसल्या नाहीत. जेवायला बसलं की रोज काही ना काही. कोंबडी खाताना, "आज चटई बरी भाजलीस." माशाला, "हा मासा लाजलाय वाटतं, चेहऱ्यावर तेजच नाही." शेजारची बाई कोबी द्यायला आली, तिलाही हसत हसत, "आमची सून फार काटकसरी. मिरिनसुद्धा विकत घेत नाही." त्या दिवशी माझा तोल गेला. बाई गेल्यावर मी म्हणाले, "आई, या घरात मिरिनची बाटली यायची नाही. पुन्हा विषय काढू नका." आवाज जरा जास्तच चढला होता. सासूबाईंनी पिशवीतली लोकर काढली आणि विणत बसल्या. तात्सुओ ऐकत होता. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं त्यानं. पण तो वर्तमानपत्राचं एकच पान वाचत राहिला.

डिसेंबरात आमच्या कारखान्यात मरायला फुरसत नसते. आम्ही माशाच्या वड्या करतो, लाल-पांढऱ्या, नववर्षाच्या ताटातल्या. वर्षभर त्याकडे न पाहणारे लोकही त्या दिवशी दोन चकत्या खातात, म्हणून आम्हाला महिनाभर जादा पाळी. मी रोज अंधार पडल्यावर घरी यायचे. रात्रीचं जेवण सासूबाई करायला लागल्या, आणि मला हायसंच वाटलं. सॉस माझाच वापरा, एवढं मात्र मी रोज बजावायचे. "हो गं बाई, तुझाच वापरते," त्या म्हणायच्या.

त्या आठवड्यात खाडीवर विजा कडाडल्या. हिवाळ्यात अशी वीज झाली की आमच्याकडे म्हणतात, बुरी मासा जागा झाला. दुसऱ्या दिवशी बंदर भरून गेलं. एका नाखव्यानं इंजिनाच्या कामावर खूश होऊन तात्सुओला अख्खी बुरी दिली, माझ्या मांडीएवढी. दुपारी त्याचा कारखान्यात फोन आला. "आज आई तेरियाकी करतेय. लवकर ये." आवाज आनंदी होता. कधी नव्हे तो माझाही जीव हलका झाला. वाटलं, हिनानो येईपर्यंत थोडा मासा खारवून ठेवू.

मी घरी पोचले तेव्हा साडेसहा वाजले असतील. दोघं जेवायला बसले होते. दार सरकवलं आणि वास आला. आधी वाटलं शेजारच्यांकडचा असेल. गोड, जड, गळ्याशी रेंगाळणारा. मग माझं लक्ष ताटांकडे गेलं.

मासा चमकत होता. दिव्याचा उजेड त्याच्यावर पडून परत येत होता. कितीतरी दिवसांत मी माझ्या घरात असा मासा पाहिला नव्हता.

"आलीस? बस, बस," सासूबाई म्हणाल्या. गाल आनंदानं फुलले होते. "बघ जरा, मासा कसा हसतोय!"

तात्सुओच्या भाताच्या वाडग्यात भात तपकिरी झाला होता. त्यानं बरणीतला कच्चा सॉस चमच्यानं वरून ओतून घेतला होता. चमचा अजून हातात होता.

मी बूटसुद्धा नीट काढले नाहीत. बरणीत बोट बुडवून चाखलं. जिभेला चुरचुरलं.

"आई, यात मिरिन आहे."

"आहेच मुळी!" त्या मान वर करून म्हणाल्या. "तुझा तो काढा मी भोपळ्याच्या भाजीत संपवून टाकला. आणि परवाच आमच्या पद्धतीनं करून ठेवलाय, माझ्या सासूनं शिकवलेला. सोया सॉस आणि साखर आटवायची, खाली उतरवायची, आणि मग वरून मिरिन. उकळायची नाही. उकळली की सुगंध पळतो. तुम्ही हल्लीच्या पोरी ती पेटवून तिचा जीव घालवता."

म्हणजे अख्खी दारू जशीच्या तशी बरणीत होती.

"तुम्ही कधी वाढून घेतलंत?" मी तात्सुओला विचारलं.

"आत्ताच," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"किती?"

"अगं, दुसऱ्यांदा भात घेतला त्यानं!" सासूबाई म्हणाल्या. "किती दिवसांनी पोटभर जेवतोय पोर. तू उगीच कशाला पंचनामा करतेस?"

मी त्याच्या हातातून वाडगा काढून घेतला. फोन काढून मी गुडघ्यावर ठेवला, रुग्णवाहिकेचा नंबर लावून. आता काही मिनिटांत होणार. एका फोडीनं तसं झालं होतं, इथे तर दोन वाडगे होते. पाचावर धारण बसली होती माझी. त्याचं वय, त्याची छाती, औषध घेऊन वर प्यायल्यानं कुणी मेल्याच्या सभेत ऐकलेल्या गोष्टी, सगळं डोक्यात एकदम आलं. मी त्याच्या समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"बरं वाटतंय ना?"

"वाटतंय."

"छातीत?"

"काही नाही."

सासूबाई माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. "काय चाललंय काय तुमचं? माशात काटा होता का?"

"थांबा, आई."

"थांबा काय? मासा गार होतोय. तू खा तरी आधी."

कान आधी लाल होतात. मी कान पाहत होते. मग मान. मग गाल. शेजारच्या घरात टीव्हीवर बातम्या संपून हवामान सुरू झालं. उद्या बर्फ, परवाही बर्फ. त्याचे कान जसेच्या तसे. बंदरावर राबून काळवंडलेली मान जशीच्या तशी. चेहरा थोडा घामेजला होता, पण तो शेगडीजवळ बसल्यामुळे. हवामान संपलं आणि कसलासा गाण्याचा कार्यक्रम लागला.

आणि मग मला कळलं, आणि माझ्या भीतीनं कूस बदलली. आता मी देवाला विनवत होते की त्याचं तोंड लाल होऊ दे. छाती धडधडू दे. आडवा पडू दे त्याला, रुग्णवाहिका बोलवीन, रात्रभर उशाशी बसेन, पण लाल होऊ दे. दुसरी कुठलीही बायको नवऱ्यासाठी असं काही मागत नसेल. मी मागत होते, मनापासून, हात मांडीवर घट्ट दाबून.

तो लाल झाला नाही. त्यानं चहाचा कप उचलला आणि एक घोट घेतला.

मी फोन उलटा ठेवला.

"औषध कधीपासून बंद केलंत?"

"कसलं औषध?" सासूबाई म्हणाल्या. "यकृताचं?"

तात्सुओनं कप खाली ठेवला. आता तो आईसमोर काय बोलणार, असं मला वाटलं होतं. मला वाटलं, उठेल, सिगारेट ओढायला बाहेर जाईल. तो बसून राहिला.

"ओबोनपासून," तो म्हणाला.

ज्या दिवशी मी विश्वास टाकला त्याच दिवसापासून. म्हणजे रोज सकाळी तो औषध मोजून मोरीत ओतत होता, माप धुऊन पालथं घालत होता, आणि मी रिकाम्या बाटल्या बदलून आणत होते.

"का?"

"मला बघायचं होतं," तो म्हणाला. "मी राहतोय की ते औषध मला राहू देतंय, ते. पांगुळगाडा सोडल्याशिवाय कळणार कसं?"

"आणि कळलं?"

"प्यायलो नव्हतो, मित्सुयो. शपथ. उन्हाळा गेला, शरद गेला, एक थेंब नाही."

"कुणी मला सांगेल का," सासूबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "माझ्या घरात, म्हणजे माझ्या मुलाच्या घरात, काय चाललंय ते?"

तेव्हा मी सांगितलं. जेवढं इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं तेवढं सगळं; भरती, सभा, बाटलीतलं साखरेचं पाणी, श्राद्धातलं लोणचं, हिनानोची शपथ. सांगताना मला वाटलं होतं त्या ओरडतील, मला खोटं पाडतील, मुलाची बाजू घेतील. त्या ऐकत राहिल्या. एकदाच मध्ये म्हणाल्या, "इस्पितळात? किती दिवस?" आणि मी सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"म्हणून तू मिरिन नको म्हणत होतीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी शेजारणीला सांगितलं तू कंजूष आहेस."

"हो, आई."

"मग तू गप्प का बसलीस? माझ्या तोंडावर फेकायचं होतंस ना!" त्यांचा आवाज चिरकला. मग त्या मुलाकडे वळल्या. "आणि तू? तू तर..." त्या थांबल्या. हात तोंडावर गेला.

"काय, आई?" मी म्हणाले.

त्यांची नजर मुलावरच होती. मीच विचारलं, "मिरिन कुणी आणली?"

बर्फात त्या दुकानापर्यंत जाऊच शकत नव्हत्या. हे माझ्या डोक्यात आधी का नाही आलं?

"मीच सांगितलं त्याला," सासूबाई म्हणाल्या. "परवा. म्हटलं, बायकोला कळू देऊ नकोस, गुपचूप एक बाटली आण. तो नाही नाही म्हणत होता. म्हटलं, आईसाठी एवढंही करणार नाहीस? मग आणली त्यानं. मोठी बाटली. मला काय ठाऊक गं! मला काय ठाऊक! मी माझ्या हातानं पोराला..."

मी तात्सुओकडे पाहिलं. दुकानात व्हिनेगरशेजारी उभा असलेला माझा नवरा मला दिसला, ती बाटली हातात घेतलेला. आईला एक वाक्य सांगायचं होतं. आई, मला चालत नाही. मला ती प्यावीशी वाटते. ते वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही, त्यापेक्षा बाटली घरी आणणं त्याला सोपं वाटलं. मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी ते सगळे चमकणारे मासे भिंतीवर फेकावेसे वाटले.

"आणली तेव्हा प्यायलात?"

"नाही."

"त्यानंतर?"

"नाही. आज भातावर घेतलं तेवढंच. आईनं केलं, मी खाल्लं. चव लागली, थांबवलं नाही गेलं. तेवढंच, मित्सुयो."

सासूबाई टेबलाला धरून उठल्या. गुडघे वाजले. डोळे पुसून त्या एकदम कामाला लागल्यासारख्या झाल्या, कारण त्यांना काहीतरी करायलाच हवं होतं. "तेवढंच असेल तर काही बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. "सॉस फेकून देऊ. बाटली माझ्या कपाटात आहे, गाद्यांच्या मागे. मी निम्म्याहून कमी वापरलीय. आत्ता आणते, तुझ्यासमोर मोरीत ओतते. उद्या सकाळपासून औषध मी पाजीन त्याला, नाक दाबून. लहानपणी एरंडेल पाजलंय मी याला! हिनानो येईल तेव्हा सगळं..."

"आई," तात्सुओ म्हणाला.

त्या दाराशी पोचल्या होत्या.

"जाऊ नकोस. रिकामी आहे ती."

सासूबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांना कळायला वेळ लागला. मला लागला नाही.

"रिकामी कशी? मी स्वतः..."

"काल दुपारी. तू म्हाताऱ्यांच्या दिवसाच्या केंद्रात गेली होतीस तेव्हा घरी आलो होतो." तो टेबलाकडे बघून बोलत होता, एकेक शब्द स्वतः ओढून काढत असल्यासारखा. "सगळी. पाणीसुद्धा भरलं नाही या वेळी. आणि परत जाताना दुकानातून साके घेतली होती, ती बंदरावरच्या अवजारांच्या पेटीत आहे. ती अजून फोडलेली नाही. तीही सांगून टाकतो."

सासूबाई तिथेच खाली बसल्या. त्यांनी आयुष्यभर एका पिणाऱ्या माणसाबरोबर संसार केला होता आणि त्याला कधीही आजार म्हटलं नव्हतं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मित्सुयो, त्या सभा कुठे असतात? आयांना येऊ देतात का?"

मी बरणीचं झाकण लावलं. दारू पोटात असताना औषध देता येत नाही, निदान एक दिवस थांबावं लागतं, म्हणजे उद्या सकाळी त्याच्यासमोर उभं राहूनही मला काही करता येणार नव्हतं. हिनानोला काय सांगायचं, सांगायचं की नाही, तेही माझ्यावरच होतं. ती बोलली तसं वागणारी मुलगी आहे. स्टेशनवर धुतलेली गाडी घेऊन तो उभा राहील आणि ती उतरणारच नाही, हे मला आत्ताच दिसत होतं.

पण खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात यांतलं काही नव्हतं. इतक्या वर्षांत या माणसाचं प्रत्येक खोटं मी शोधून काढलं होतं. वासावरून, बाटलीच्या रंगावरून, माशाच्या चवीवरून, आज त्याच्या न लाल झालेल्या कानांवरून. एकदाही त्यानं आपणहून सांगितलं नव्हतं. आज आई दारापर्यंत गेली होती, अजून मिनिटभर गप्प बसला असता तर बाटलीनंच सांगितलं असतं, आणि तो त्या एका मिनिटाआधी बोलला. न विचारलेल्या साकेचंही बोलला. सगळं घर बुडालं होतं, आणि मला बरं वाटलं. तेवढ्यानं बरं वाटावं इतकी मी खाली आले होते, याचाच मला त्याच्या पिण्यापेक्षा जास्त राग आला.